विकास वित्तसंस्थेचा पैसा प्रकल्पात कसा आणावा

उदयोन्मुख बाजारपेठेत वीज प्रकल्प, रुग्णालयांची साखळी किंवा लघुकर्ज देणारी संस्था उभी करणाऱ्या प्रवर्तकासमोर एक अडचण हमखास येते. स्थानिक बँक पाच-सात वर्षांपलीकडचे कर्ज देत नाही. परदेशी बँक देशाचे नाव ऐकूनच मागे सरते. आणि मालमत्ता तर वीस वर्षे चालणारी असते. ही पोकळी भरण्यासाठी सरकारांनी विकास वित्तसंस्था काढल्या. त्यांच्याकडून पैसा कसा मिळवायचा, कुठे सौदे अडतात आणि सरकारी बाजूने कोणत्या चुका होतात, ते इथे क्रमाने मांडले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. या संस्था अनुदान वाटत नाहीत. बहुतेकांची मालकी सरकारची, पण कारभार बँकेचा असतो. जर्मनीची केएफडब्ल्यू १९४८ मध्ये मार्शल योजनेच्या पैशातून उभी राहिली. ब्रिटनची सीडीसीही त्याच वर्षीची. २०२२ पासून ती ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या नावाने काम करते. ब्राझीलची बीएनडीईएस १९५२ ची. जागतिक बँक गटातली खासगी क्षेत्राला पैसा देणारी आयएफसी १९५६ ची, तर नेदरलँड्सची एफएमओ १९७० ची असून तिच्यात ५१ टक्के हिस्सा सरकारचा आहे. या संस्थांना बाजारातून स्वस्तात पैसा उभा करता येतो, कारण पाठीशी सरकार असते. पण तो स्वस्तपणा तुमच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. तुमच्याकडे येतो तो लांब मुदतीचा, बाजारभावाच्या जवळपासचा आणि पुष्कळ अटी असलेला पैसा. व्याज वाचवण्यासाठी इकडे येणारा प्रवर्तक निराश होतो. मुदत, विश्वासार्हता आणि इतर गुंतवणूकदारांचा धीर मिळवण्यासाठी येणाऱ्याला इथे उपयोग आहे.

पहिली पायरी: आपण पात्र आहोत का

या संस्थांना प्रत्येक सौद्यात एक गोष्ट सिद्ध करावी लागते: आपला पैसा आला नसता तर हे काम झालेच नसते, किंवा इतक्या चांगल्या रीतीने झाले नसते. याला अतिरिक्तता म्हणतात. जिथे व्यापारी बँका कर्ज द्यायला रांगेत उभ्या आहेत तिथे सरकारी पैसा घातला, तर बाजार वाढण्याऐवजी मरतो. म्हणून संचालक मंडळासमोर जाणाऱ्या प्रत्येक टिपणात अतिरिक्ततेचा परिच्छेद असतो, आणि तो लिहायला अधिकाऱ्याला सामग्री तुम्हीच द्यायची असते.

व्यवहारात हे असे करा. किमान तीन व्यापारी बँकांकडे लेखी विचारणा करा आणि त्यांची उत्तरे जपून ठेवा: किती वर्षे मुदत, कोणते चलन, किती तारण, परतफेडीला किती महिन्यांची सवलत. मग एका तक्त्यात डाव्या बाजूला बाजारात मिळते ते आणि उजव्या बाजूला प्रकल्पाला लागते ते लिहा. ‘व्याज जास्त आहे’ हे कारण चालत नाही. ‘बँक सहा वर्षे देते, आमची परतफेड बारा वर्षांशिवाय बसत नाही’ हे चालते. ‘या देशात अशा प्रकारचा प्रकल्प अजून झालेला नाही, त्यामुळे जोखीम मोजायला कुणाकडे आकडेच नाहीत’ हेही चालते.

इथे अडणाऱ्या सौद्यांमध्ये नेहमीचा दोष म्हणजे प्रवर्तकाने स्वतःचे भांडवल फार कमी लावलेले असते. एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आसपास भागभांडवल, तेही रोख आणि पुराव्यासह, असल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. जमिनीची फुगवलेली किंमत भांडवल म्हणून दाखवली तर परीक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात ती निम्म्यावर येते, आणि तिच्याबरोबर तुमची पतही.

कोणाचे दार ठोठवावे

सगळ्यांना एकच पत्र पाठवणे हा वेळेचा अपव्यय आहे. चार गोष्टी तपासून दोन-तीन संस्था निवडा.

पहिली, देशाचा संबंध. काही संस्थांना आपल्या देशातल्या कंपनीचा सहभाग लागतो. फिनलंडची फिनफंड फिनिश हितसंबंध पाहते. अमेरिकेत ओपिक या जुन्या संस्थेला अमेरिकी गुंतवणूकदार आवश्यक असे. २०१८ च्या बिल्ड कायद्याने तिच्या जागी डीएफसी आली आणि ती अट प्राधान्यापुरती उरली. त्याच कायद्याने तिला भागभांडवल घेण्याचीही मुभा मिळाली. दुसरी, क्षेत्र. युरोपातल्या द्विपक्षीय संस्थांनी २०२० मध्ये कोळशाच्या नव्या प्रकल्पांना पैसा न देण्याचे एकत्र ठरवले, म्हणजे तो रस्ता बंद. प्रत्येक संस्थेची वर्ज्य यादी तिच्या संकेतस्थळावर असते. ती आधी वाचा. तिसरी, रक्कम. परीक्षणाचा खर्च छोट्या आणि मोठ्या सौद्याला जवळजवळ सारखाच येतो, म्हणून साधारण ५० लाख डॉलरच्या खालचे थेट कर्ज मिळणे अवघड. तुमची गरज त्याहून लहान असेल, तर ज्या स्थानिक बँकेला किंवा फंडाला या संस्थेने पतपुरवठा केला आहे तिच्याकडे जा. पैसा तोच असतो, फक्त हात बदललेला. चौथी, साधन. तुम्हाला कर्ज हवे की भागभांडवल की हमी, हे आधी ठरवा. सगळ्या संस्था सगळे देत नाहीत.

भागभांडवल घेणारी संस्था अल्पमतातच राहते. आयएफसी सहसा ५ ते २० टक्क्यांदरम्यान हिस्सा घेते आणि सर्वांत मोठी भागधारक होणे टाळते. पाच ते आठ वर्षांत तिला बाहेर पडायचे असते, म्हणून बाहेर पडण्याचा मार्ग सुरुवातीलाच मागितला जातो. तिचा हिस्सा ठरलेल्या सूत्राने परत विकत घेण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकणारे कलम नीट वाचा. हिस्सा परत घ्यायची वेळ येते तेव्हा कंपनीकडे रोकड नसते, आणि भांडण तिथून सुरू होते.

हमीकडे प्रवर्तकांचे दुर्लक्ष होते, याचे वाईट वाटते. जागतिक बँक गटातली, १९८८ पासून काम करणारी मिगा ही संस्था चलन बाहेर नेण्यावरचे निर्बंध, सरकारने मालमत्ता ताब्यात घेणे, युद्ध व दंगल, आणि सरकारने करार मोडणे यांवर विमा देते. भागभांडवलाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि कर्जाच्या ९५ टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळू शकते. परदेशी बँक देशाच्या नावालाच घाबरत असेल, तर नवे कर्ज शोधण्यापेक्षा ती भीती विम्याने झाकणे कित्येकदा सोपे पडते.

रचना: कोणता थर कुठे

समजा प्रकल्पाचा खर्च ५ कोटी डॉलर आहे. नेहमीची रचना अशी दिसते: प्रवर्तकाचे भागभांडवल १.५ कोटी, विकास संस्थेचे ज्येष्ठ कर्ज १.५ कोटी, व्यापारी बँकांचे ज्येष्ठ कर्ज १.५ कोटी आणि उरलेले ५० लाख सवलतीचे दुय्यम कर्ज. नुकसान झाले तर आधी भागभांडवल जाते, मग दुय्यम कर्ज, आणि शेवटी ज्येष्ठ कर्जाला झळ लागते. ५० लाखांच्या त्या उशीमुळेच व्यापारी बँका आत येतात.

व्यापारी बँकांना आणण्याची एक जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे ए-बी कर्ज. कागदोपत्री सगळे कर्ज आयएफसीसारख्या बहुपक्षीय संस्थेच्या नावावर असते. ए भाग ती स्वतः ठेवते, बी भागात बँका सहभागी होतात. परकीय चलनाचा तुटवडा पडला तरी सरकारे अशा संस्थांची देणी सहसा अडवत नाहीत, आणि बी भागातल्या बँकांना त्याच छत्रीचा आसरा मिळतो.

सवलतीचा थर मागताना हात आखडता ठेवा. विकास संस्थांनी मान्य केलेल्या तत्त्वांमध्ये एक कडक तत्त्व आहे: सवलत किमान लागेल तेवढीच. ती मोजतात अशी. वरच्या उदाहरणातल्या ५० लाखांच्या कर्जाचा बाजारभाव १४ टक्के आहे आणि ते ४ टक्क्यांनी, दहा वर्षांनी एकरकमी परतफेडीवर दिले, तर दरवर्षी ५ लाख डॉलर व्याज माफ झाल्यासारखे आहे. १४ टक्क्यांनी वजावट धरून दहा वर्षांच्या या माफीचे आजचे मूल्य साधारण २६ लाख डॉलर, म्हणजे प्रकल्पखर्चाच्या ५.२ टक्के. समितीसमोर हाच आकडा जातो. तुम्ही हा हिशेब आधीच करून नेलात आणि ‘४ ऐवजी ७ टक्के घेतले तरी परतफेड बसते का’ याचे उत्तर तयार ठेवलेत, तर महिनाभराची पत्रापत्री वाचते.

एक सावधगिरी, विशेषतः धोरण आखणाऱ्यांसाठी. सरकारी एका डॉलरमागे खासगी चार-पाच डॉलर येतील अशी भाषणे २०१५ च्या सुमारास खूप झाली. लंडनच्या ओडीआय या अभ्याससंस्थेने २०१९ मध्ये केलेल्या मोजणीत विकास संस्थांच्या एका डॉलरमागे खासगी पैसा सरासरी ७५ सेंट आला, आणि सर्वांत गरीब देशांत ३७ सेंट. अंदाजपत्रक बांधताना हे आकडे समोर असू द्या. गरीब देशात सवलतीचा पैसा मुख्य भार उचलतो, तो केवळ खासगी पैशाचे आमिष ठरत नाही.

चलन: जिथे चांगले प्रकल्प बुडतात

या मार्गदर्शिकेतला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

प्रकल्पाची कमाई स्थानिक चलनात आणि कर्ज डॉलरमध्ये, ही सगळ्यात धोकादायक जोडी आहे, आणि तीच सगळ्यात जास्त आढळते. एक हिशेब करून पाहू. कर्ज १ कोटी डॉलर, दहा वर्षे समान मुद्दल, व्याज ७ टक्के. पहिल्या वर्षीचे देणे: मुद्दल १० लाख आणि व्याज ७ लाख, मिळून १७ लाख डॉलर. एक डॉलर म्हणजे स्थानिक १०० एकके असतील तर हे देणे १७ कोटी एककांचे. प्रकल्पाची देण्यासाठी उपलब्ध रोकड २३ कोटी असेल तर आच्छादन गुणोत्तर, म्हणजे रोकड भागिले देणे, १.३५ येते. बहुतेक कर्जदाते १.२ ते १.४ च्या दरम्यान किमान मर्यादा ठेवतात, म्हणजे सगळे ठीक. आता डॉलर १४० वर गेला. देणे २३.८ कोटी झाले, रोकड तीच २३ कोटी. गुणोत्तर ०.९७. यंत्रे चालू आहेत, ग्राहक पैसे देत आहेत, व्यवस्थापन उत्तम आहे, आणि तरीही कंपनी थकबाकीदार.

हे कल्पनेतले नाही. ६ मार्च २०२४ रोजी इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला, तेव्हा एका दिवसात डॉलर सुमारे ३१ पौंडांवरून ५० च्या आसपास गेला. वरच्या उदाहरणातली घसरण त्यापुढे सौम्यच म्हणायची.

उपाय चार आहेत, पसंतीच्या क्रमाने. पहिला, स्थानिक चलनातच कर्ज मागा. विकास संस्थांनी मिळून २००७ मध्ये अॅमस्टरडॅमला टीसीएक्स हा फंड याचसाठी काढला. जिथे व्यापारी बँका चलनाचा अदलाबदली करार (आधी ठरलेल्या दराने देणी एका चलनातून दुसऱ्यात बदलून घेण्याचा करार) देत नाहीत अशा चलनांची जोखीम तो उचलतो. विकास संस्था तुम्हाला स्थानिक चलनात कर्ज देते आणि आपली जोखीम टीसीएक्सकडे सरकवते. दर ऐकून धक्का बसेल. डॉलरचे ७ टक्के स्थानिक चलनात १८ किंवा २० होऊ शकतात. पण तो फरक म्हणजे घसरणीची किंमतच आहे. डॉलरच्या कर्जात ती लपलेली असते, एवढेच. दुसरा, स्थानिक बँकेचे किंवा रोख्यांचे कर्ज आणि त्याला विकास संस्थेची हमी. गॅरंटको ही संस्था २००५ पासून अशा हमी देते. पेन्शन फंडांकडे स्थानिक पैसा पडून असतो, त्याला फक्त धीर हवा असतो. तिसरा, कमाईच डॉलरशी बांधणे, जसे निर्यातीचा माल किंवा डॉलरमध्ये ठरलेला वीजदर. पण वीजदर डॉलरशी बांधला की जोखीम सरकारी वीज कंपनीवर आणि तिच्यामार्फत ग्राहकावर जाते. ती नाहीशी होत नाही. चौथा, काहीच जमले नाही तर डॉलरचे कर्ज अर्ध्यावर आणा आणि देणी चुकवण्यासाठी सहा महिन्यांचा राखीव निधी डॉलरमध्येच वेगळा ठेवा.

व्याजाचा दर बदलता असेल तर तोही वेगळा बांधून घ्या. डॉलरचा आधारदर सोफर २०२२ च्या सुरुवातीला शून्याच्या जवळ होता आणि २०२३ च्या मध्यापर्यंत ५ टक्क्यांच्या वर गेला. ज्यांनी स्थिर दराचा अदलाबदली करार केला नव्हता त्यांचे व्याज दीड वर्षात दुपटीवर गेले.

जमीन, माणसे, पर्यावरण

जवळजवळ सगळ्या संस्था आयएफसीची आठ कामगिरी मानके वापरतात. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०१२ पासून लागू आहे. त्यांतले दुसरे कामगारांचे, पाचवे भूसंपादन आणि विस्थापनाचे, सहावे जैवविविधतेचे आणि सातवे आदिवासी समूहांचे. सौदे अडतात ते मुख्यतः पाचव्या आणि सातव्यावर.

प्रकल्पाची वर्गवारी अ, ब किंवा क अशी होते. अ म्हणजे गंभीर आणि न पुसता येणारे परिणाम शक्य असलेला. आयएफसीत अ वर्गाच्या प्रकल्पाची माहिती संचालक मंडळाच्या निर्णयाच्या ६० दिवस आधी जाहीर करावी लागते, ब वर्गाची ३० दिवस आधी. म्हणून वेळापत्रक उलटे मोजत या. पवनचक्क्यांसाठी पक्ष्यांचा अभ्यास सगळ्या ऋतूंचा लागतो, म्हणजे वर्ष. पावसाळा हुकला तर पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबणे आले. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला प्रकल्पाची जागा पक्की होण्याआधी नेमा. जागा बदलायला तोच सांगेल, आणि तेव्हा बदलणे स्वस्त असते.

देशाच्या कायद्याने जमीन मिळाली म्हणजे काम संपले, असे धरू नका. पाचवे मानक कायदेशीर मालकी नसलेल्या कुळाचे, गुराख्याचे आणि अतिक्रमणधारकाचे नुकसानही मोजायला सांगते. केनियातल्या लेक तुर्काना पवनऊर्जा प्रकल्पाने सुमारे दीड लाख एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्या जमिनीचे दस्तऐवज अनियमित ठरवले. तोवर चक्क्या फिरू लागून तीन वर्षे झाली होती. सामूहिक जमिनीचा कागद मिळाला म्हणून खूश होण्याआधी तो कागद कोणत्या प्रक्रियेतून निघाला, गावसभा झाली का, तिची नोंद आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

याहून गंभीर गोष्ट होंडुरासची. ग्वालकार्के नदीवरच्या आग्वा सार्का जलविद्युत प्रकल्पाला लेन्का लोकांचा विरोध होता. त्या विरोधाचे नेतृत्व करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांची मार्च २०१६ मध्ये हत्या झाली. एफएमओ आणि फिनफंड २०१७ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडल्या. एक जीव गेला, आणि तो परत येत नाही. संमतीची कागदपत्रे पूर्ण दिसत असली तरी विरोध करणाऱ्यांना धमक्या येत आहेत का, सुरक्षा कंपनी कोणाची आहे आणि तिला आदेश कोण देते, हे प्रश्न कर्जदात्याने स्वतः जागेवर जाऊन विचारायचे असतात. प्रवर्तकाच्या माणसाशिवाय.

सरकारी बाजू: हमी देताना

ज्या देशात प्रकल्प होतो तिथल्या अर्थखात्यासाठी ही थोडी वेगळी सूचना. विकास संस्था खासगी प्रकल्पाला पैसा देते तेव्हा बहुधा सरकारकडूनही काही वचने मागते: वीज घेतली नाही तरी पैसे आम्ही देऊ, वीज वाहून नेणारी रेषा आम्ही बांधतो, उशीर झाला तर दंड आमचा. ही कर्जे नाहीत, म्हणून कर्जाच्या नोंदवहीत दिसत नाहीत. पण देणी मात्र खरी असतात.

लेक तुर्कानाच्या ३६५ चक्क्या, एकूण ३१० मेगावॉट, २०१७ मध्ये उभ्या होत्या. वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची रेषा सरकारच्या वाट्याला होती. तिचा स्पॅनिश ठेकेदार दिवाळखोरीत गेला आणि जोडणी सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. करारानुसार न वापरलेल्या विजेचे पैसे सरकारी बाजूवर आले. जागतिक बँकेने २०१२ मध्येच, वीज खपणार नाही या काळजीने, या प्रकल्पाच्या हमीतून अंग काढले होते. तो इशारा पुरेसा ऐकला गेला नाही. युगांडाच्या बुजागली या २५० मेगावॉटच्या धरणाचा प्रश्न वेगळा होता. वीज २०१२ मध्ये आली, पण महाग पडू लागली. २०१८ मध्ये कर्जाची मुदत लांबवून पुनर्वित्त केले गेले, दर खाली यावा म्हणून. मुदत सुरुवातीलाच लांब ठेवली असती तर हे दुसऱ्यांदा करावे लागले नसते.

यावरून तीन नियम. प्रकल्पाची आणि रेषेची पूर्णतेची तारीख एकाच करारात एकमेकांना बांधा. प्रत्येक हमीची कमाल रक्कम आणि ती लागू होण्याची शक्यता दरवर्षी संसदेपुढे ठेवायच्या नोंदवहीत लिहा. आणि डॉलरशी बांधलेला दर मान्य करण्याआधी, डॉलर दीडपट झाला तर वीज कंपनीचे काय होईल, हा एक ताळेबंद बघा. या तिसऱ्या नियमाला अर्धा दिवस लागतो.

टर्म शीटपासून खात्यात पैसे येईपर्यंत

पहिल्या भेटीपासून पहिल्या हप्त्यापर्यंत नऊ ते अठरा महिने धरा. आधी आठ-दहा पानांचे सादरीकरण, मग प्राथमिक मंजुरी, मग टर्म शीट (कर्जाच्या मुख्य अटींचा मसुदा), मग तांत्रिक, कायदेशीर, आर्थिक आणि पर्यावरणीय परीक्षण, मग संचालक मंडळ, मग करार, मग पूर्वअटी, आणि शेवटी पैसे. परीक्षण करणारे वकील आणि अभियंते कर्जदात्याचे असतात, बिल तुमचे असते. टर्म शीटवर सही करतानाच त्या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्या. सौदा मोडला तरी ते बिल येतेच.

सुरुवातीचे शुल्क कर्जाच्या १ ते २ टक्के, आणि न उचललेल्या रकमेवर वर्षाला साधारण अर्धा ते १ टक्का. १.५ कोटींच्या कर्जापैकी निम्मे वर्षभर पडून राहिले तर १ टक्क्याने ७५ हजार डॉलर जातात. म्हणून हप्त्यांचे वेळापत्रक बांधकामाच्या खऱ्या वेगावर बेता, ठेकेदाराच्या आशावादावर नको.

आर्थिक प्रतिमान (प्रकल्पाच्या पुढच्या जमाखर्चाचा हिशेबतक्ता) एकाच फाइलमध्ये, सूत्रे उघडी ठेवून द्या. आकडे चिकटवलेली फाइल परत येते. वाऱ्याच्या किंवा सौर प्रकल्पात कर्जदाता सरासरी उत्पादनावर विसंबत नाही. दहापैकी नऊ वर्षांत नक्की ओलांडले जाईल असे उत्पादन धरून तो गुणोत्तर तपासतो. तुमच्या प्रतिमानात ती बाजू नसेल तर तो स्वतः बसवेल आणि कर्ज कमी करेल.

खऱ्या मालकाचा तपास जितका वाटतो त्याहून कडक असतो. साधारण १० टक्के किंवा त्याहूनही कमी हिस्सा असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा पैसा कुठून आला, हे दाखवावे लागते. नामधारी भागधारक, करमुक्त बेटावरची मधली कंपनी, राजकारण्याचा नातेवाईक: यांतले काही असेल तर पहिल्याच बैठकीत सांगा. उशिरा उघड झालेली गोष्ट सौदा मोडते, आधी सांगितलेली बहुधा नाही.

पूर्वअटींची यादी शंभर मुद्द्यांच्या वर जाऊ शकते. प्रत्येक मुद्द्यासमोर जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. सर्वांत उशीर लागणाऱ्या अटी म्हणजे तारणाची सरकारी नोंदणी, मध्यवर्ती बँकेची परकीय कर्जाला मंजुरी आणि बांधकाम परवाने. यांचे अर्ज करारावर सही होण्याआधीच पुढे सरकवा.

पैसे पाठवण्याचा क्षण सगळ्यांना औपचारिक वाटतो. मार्च २०२० मध्ये नॉर्वेच्या नॉरफंडचे १० कोटी क्रोनर असेच गेले. कंबोडियातल्या लघुकर्ज संस्थेसाठीचे ते कर्ज होते. चोरांनी ईमेल यंत्रणेत शिरून दोन्ही बाजूंची पत्रे बदलली आणि रक्कम मेक्सिकोतल्या खात्यात वळवली. महिनाभर कुणाला कळलेही नाही. म्हणून खाते क्रमांक कर्जकरारातच लिहा. तो बदलायचा असेल तर, आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून, दोन माणसांनी वेगवेगळी खात्री केल्याशिवाय बदलू नका. ईमेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर फोन करणे म्हणजे खात्री नव्हे.

पैसे आल्यानंतर

तिमाही आर्थिक अहवाल, वार्षिक पर्यावरणीय अहवाल, आणि गंभीर अपघात झाल्यास दोन-तीन दिवसांत कळवणे, हे करारात असते. अपघात लपवणे हा करारभंग धरला जातो, अपघात झाला म्हणून सहसा नाही. गुणोत्तर किमान मर्यादेच्या खाली जाणार असे दिसताच, ते जाण्याआधी, माफीचे पत्र मागा. आधी मागितलेली माफी बहुतेक वेळा मिळते. चाचणीच्या तारखेनंतर मागितली तर लाभांश थांबतो, राखीव खाते गोठते आणि इतर कर्जांची परस्परसंबंधित थकबाकीची कलमेही (एक कर्ज थकले की दुसरेही थकीत धरणारी) जागी होऊ शकतात.

तक्रार निवारणाची दोन दारे लोकांना माहीत असली पाहिजेत: एक तुमच्या कंपनीतले, एक कर्ज देणाऱ्या संस्थेतले. आयएफसी आणि मिगासाठी १९९९ पासून सीएओ हे स्वतंत्र कार्यालय आहे, आणि बाधित गाव तिथे थेट लिहू शकते. गुजरातमधल्या मुंद्रा वीज प्रकल्पाजवळच्या मच्छीमारांनी आधी तिथेच दाद मागितली. मग ते आयएफसीविरुद्ध अमेरिकी न्यायालयात गेले. अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही, असा निर्णय २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे खालच्या न्यायालयांनी तो विशिष्ट खटला काढून टाकला, पण त्या निर्णयानंतर कर्जदाते तुमच्या तक्रारवहीकडे अधिक बारकाईने पाहतात. वही स्थानिक भाषेत ठेवा, आलेली तारीख आणि उत्तराची तारीख दोन्ही लिहा, आणि निनावी तक्रारही घ्या. वर्षभर एकही तक्रार नोंदलेली नसेल तर परीक्षकाला ती चांगली बातमी वाटत नाही. तो तक्रारपेटी कुठे लावली आहे ते बघायला येतो.

मुदतीआधी कर्ज फेडायचे असेल तर शुल्क आणि अदलाबदली करार मोडण्याचा खर्च वेगवेगळे असतात. दुसरा बाजाराच्या दरावर अवलंबून असतो आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा निघू शकतो. पुनर्वित्ताचा निर्णय घेण्याआधी तो आकडा बँकेकडून त्या दिवसाच्या भावाने लेखी मागवा.